जिन्यातला पलंग

मदत मागणाऱ्या माणसांबद्दल स्वयंभूंचं मत चौकशीच्या खिडकीमागे बसून तयार झालं होतं. वीज कार्यालयातल्या त्या खिडकीला काच होती आणि काचेला अगदी खाली एक अर्धगोल भोक होतं. काही विचारायचं तर माणसाला कंबरेत वाकून तोंड त्या भोकाशी न्यावं लागे. ते भोक इतकं खाली का ठेवलं हे कार्यालयात कुणालाच सांगता आलं नसतं, पण स्वयंभूंना ती व्यवस्था फार योग्य वाटे. बाहेरचा माणूस वाकून म्हणे, "साहेब, जरा विचारायचं होतं, म्हणजे तसं काही विशेष नाही, पण आमच्याकडे काय झालंय..." आणि स्वयंभू चष्म्यावरून बघत म्हणत, "काय हवंय ते सरळ बोला." हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत की एकदा झोपेतही म्हणाले. बायकोने सरळ "पांघरूण" असं सांगितलं आणि तिला ते मिळालं.

आपण स्वतः मात्र आयुष्यात कधी कुठल्या भोकाशी वाकलो नाही, याचा त्यांना मनापासून अभिमान होता. स्वयंभू हे नाव त्यांना इमारतीने दिलं होतं. दिलं होतं चिडवायला, पण त्यांनी ते पदवीसारखं स्वीकारलं, त्यामुळे चिडवणाऱ्यांची पंचाईत झाली. पाय मोडून प्लास्टरमध्ये होता तेव्हा ते जिना बसून, पाठमोरे, एकेक पायरी करत चढले. तिसऱ्या मजल्यावरच्या पैलवानाने खांदा पुढे केला, तर म्हणाले, "अजून एक पाय शिल्लक आहे माझा." हा पैलवान म्हणजे बँकेतला कारकून, पण रोज सकाळी खोलीत वजनं उचलायचा आणि खालच्यांच्या छताचा रंग पाडायचा. एकदा इमारतीचे सचिव, जे तळमजल्यावर राहत, त्यांनी स्वयंभूंच्या कपाटाचं दुसरं टोक नुसतं धरलं. स्वयंभूंनी कपाट तिथेच खाली ठेवलं आणि विचारलं, "हात का लावलात?" त्यानंतर कितीतरी दिवस सचिव त्यांना दिसले की दोन्ही हात पाठीमागे धरत.

तर अशा या माणसाच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं, आणि डॉक्टरांनी घरी सोडताना अट घातली की पेशंटने खाली वाकायचं नाही. पलंग उंच हवा. घरातले पलंग तर नव्या पद्धतीचे, जमिनीला टेकलेले.

"पायांखाली विटा ठेवू," बायको म्हणाली. "सचिवांनी बागेच्या वाफ्यासाठी आणल्यात, त्यातल्या उरल्यात."

सचिवांकडून विटा! स्वयंभूंच्या अंगावर काटा आला. त्यांना आठवला तो वडिलांचा जुना पलंग. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत उभा करून ठेवलेला, भरभक्कम, अगदी हवा तेवढा उंच. आई त्या पलंगावर वर्षानुवर्षं झोपली होती. तिला तो बघूनच निम्मं बरं वाटेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते मनात येताच काम ठरलं.

"कोणाला तरी बोलवा हं बरोबर," बायको दवाखान्यात जायला निघताना म्हणाली.

"बघतो," स्वयंभू म्हणाले. त्यांच्या शब्दकोशात बघतो म्हणजे नाही. बायकोला हे लग्नानंतर लवकरच कळलं होतं, तरी आशा म्हणून ती विचारत असे.

"आम्ही चारपर्यंत येऊ. आणि आईंना वर कसं आणायचं?"

"व्यवस्था आहे," स्वयंभू म्हणाले. काहीही व्यवस्था नव्हती. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि घर दुसऱ्या मजल्यावर होतं. पण एका वेळी एकच संकट, असा त्यांचा विचार होता.

आता जड सामान जिन्यातून न्यायचं तर इमारतीचा नियम होता: सचिवांकडे अर्ज द्यायचा, त्यावर दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि सोबत एका सहाय्यकाचं नाव लिहायचं. नियमाचा इतिहास असा की तो कपाटानंतर झाला होता. थोडक्यात, स्वतःचं काम स्वतः करायला तीन माणसांकडे मागायला जायचं! स्वयंभूंनी यावर शांतपणे विचार केला आणि सचिव दुपारी जेवून आडवे होतात त्या वेळी काम उरकायचं ठरवलं.

पलंग पूर्वी खाली नेला तेव्हा तो खोलून नेला होता. पायांना बोल्ट होते. ते काढले की पलंगाची फळकुटं होत आणि कुणालाही बगलेत धरून नेता येत. पण मागच्या वर्षी पाय डुगडुगतात म्हणून स्वयंभूंनी बोल्ट काढून टाकले, भोकांत दाबून सरस भरला, वरून लांब खिळे ठोकले आणि अडगळीच्या खोलीत एकटेच उभे राहून म्हणाले होते, "आता हा पलंग सुटणं शक्य नाही." ते खरंच होतं. स्वयंभूंचं काम पक्कं असे, त्याबद्दल त्यांच्या शत्रूंनाही शंका नव्हती.

त्यांनी पलंग आडव्या बाजूवर उभा केला, खाली जुनी चादर घातली, दोरी बांधली आणि स्वतः वरच्या पायरीवर उभं राहून ओढायला सुरुवात केली. पहिला मजला आला तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, पण छाती फुगली होती. पुढच्या वळणावर त्यांनी दोरीला आणखी एक दणदणीत हिसडा दिला. पलंगाचा एक पाय कठड्याच्या गजांत शिरला, दुसरा भिंतीवर टेकला आणि पलंग थांबला. त्यांनी ओढलं. हलला नाही. ढकलला. हलला नाही. वरून बसून पायांनी रेटलं, त्याने फक्त चप्पल खाली पडली.

घोडं अडलं होतं, आणि अडलं होतं ते अगदी मध्ये. आपण पलंगाच्या वरच्या बाजूला आहोत आणि खाली जायचं तर पलंगाच्या चार पायांमधून रांगत जावं लागेल, हे स्वयंभूंच्या लक्षात आलं. ते त्यांनी तूर्त नाकारलं.

पहिला उतरला पैलवान, टॉवेल खांद्यावर टाकून. त्याने पलंग पाहिला, दोरी पाहिली, स्वयंभू पाहिले. त्याचे हात आपोआप पुढे आले. मग त्याला तो शिल्लक पाय आठवला असावा, कारण हात परत गेले.

"चालू द्या, काका," तो आदराने म्हणाला.

स्वयंभूंना वाटलं, आपण काही मागायचं नाही, पण बोलायला काय हरकत आहे. "काय रे, व्यायाम कसा चाललाय?"

"मस्त."

"बरंच उचलतोस म्हणे. हे असलं काही उचलता येईल का तुला?"

"पलंग? आरामात."

"मला नाही वाटत," स्वयंभू म्हणाले. त्यांना वाटलं, आता हा ईर्ष्येने उचलून दाखवेल.

पैलवानाने क्षणभर विचार केला. "तुम्ही म्हणता म्हणजे नसेल येत," असं म्हणून तो नम्रपणे पलंगाच्या पायांमधून रांगत पलीकडे गेला. स्वयंभूंनी दात ओठ खाल्ले. मोठ्यांचा मान ठेवायची वेळ याला आजच सापडली होती.

मग पहिल्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या ताई आवाजाने बाहेर आल्या, गळ्यात टेप तसाच. त्यांनी काही न विचारता खालच्या बाजूने पलंगाचं माप घेतलं, जिन्याचं घेतलं आणि मान हलवली.

"भाऊ, चार बोटं जास्त आहे. इथून कापावा लागेल."

"पलंग आहे तो, ताई. परकर नाही."

"मग आतून दाबून घ्या," ताई म्हणाल्या. त्यांच्या धंद्यात न बसणाऱ्या गोष्टीला हेच दोन उपाय होते. "नाहीतर उभा करून कठड्यावरून घ्या. पण त्याला माणसं लागतील." एवढं बोलून त्यांनी जीभ चावली, भाऊंचा अपमान झाला असं वाटून पैलवानालाही चहाला आत घेतलं, आणि दार ओढून घेतलं.

वरून मास्तर आले. मास्तर म्हणजे स्वयंभूंच्या समोरच्या दारातले निवृत्त शिक्षक, एकटेच राहत. रोज संध्याकाळी ते आपली हातांची लाकडी खुर्ची बाहेर आणून जिन्यातल्या दिव्याखाली वाचत बसायचे. घरात गुदमरतं, बाहेर हवा बरी, असं सांगायचे. आताही खुर्ची घेऊनच आले आणि पलंगासमोर मांडून बसले.

"हा कर्णाचा प्रश्न आहे," मास्तर म्हणाले. "पलंग ज्या कोनात आला त्या कोनात तो जाणार नाही."

"बरोबर."

"कोन बदलावा लागेल."

"कसा बदलायचा?"

"ते सोडवणाऱ्याने बघायचं. मी पद्धत सांगितली." मास्तरांनी खिशातून खडू काढला आणि भिंतीवर त्रिकोण काढायला घेतला. वास्तविक खालून कुणी नुसता टेकू दिला असता तरी गजातला पाय निघाला असता, आणि ते मास्तरांना त्रिकोणाशिवायही दिसत होतं. पण तेही स्वयंभूंना ओळखून होते.

तेवढ्यात खालून सचिवांचा आवाज आला. त्यांची झोप मोडली होती. पलंगाच्या पट्ट्यांमधून त्यांचा चेहरा दिसला. हात पाठीमागे.

"परवानगी?" सचिवांनी विचारलं.

"तातडीचं काम होतं."

"तातडीच्या कामाचा अर्ज वेगळा आहे. तोही आधीच द्यायचा असतो." सचिवांनी पट्ट्यांमधून एक कागद वर सरकवला. "सह्या दोन. सहाय्यक एक. सहाय्यकाच्या जागी 'स्वतः' लिहिलेलं चालत नाही, हे खाली बारीक अक्षरात तुमच्यासाठीच घातलंय."

स्वयंभूंना कागद घ्यायला वाकावं लागलं. पलंगाच्या पट्ट्यांमध्ये जिथे फट होती ती अगदी खाली होती. तोंड तिथे नेऊन त्यांनी म्हटलं, "सचिव, म्हणजे तसं काही विशेष नाही, पण आमच्याकडे जरा काय झालंय..." आणि ते थबकले. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांनी ते रोज ऐकलं होतं, पण आजवर नेहमी काचेच्या दुसऱ्या बाजूने.

"काय झालंय?" सचिव खरोखरच काळजीने म्हणाले.

"काही नाही," स्वयंभू म्हणाले आणि सरळ उभे राहिले. कंबर दुखत होती. खिडकीतलं ते भोक फार खाली आहे, असं त्यांना नोकरीत पहिल्यांदाच वाटलं.

फोन वाजला. बायको होती. "अहो, आम्ही फाटकाशी आलोय. जिना मोकळा आहे ना?"

स्वयंभूंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. जिन्याच्या जाळीतून खाली अँब्युलन्स दिसत होती, मागचं दार उघडं. आई आत उशीला टेकून बसली होती, इतकीशी झालेली. पलंग दिसला नाही तरी जिन्यात काय असेल हे बायकोने ओळखलं असावं, कारण ती कपाळाला हात लावून उभी होती. अँब्युलन्सबरोबरचा माणूस म्हणत होता, "एकट्याने नाही हो जमायचं. वर चार माणसं तरी हवीत. नाहीतर परत नेऊन सोडतो, उद्या बघा."

आणि मग आईचा आवाज आला. ऐकू कमी येत असल्याने ती नेहमी मोठ्याने बोलायची, आणि आपण हळू बोलतोय असं समजायची.

"परतच चला हो. उद्या येऊ. त्याला कुणाला सांगायला लावू नका. त्याला नाही जमत ते. लहानपणापासून नाही जमत."

आईला ती दवाखान्यातली खोली नकोशी झाली होती. घरी कधी नेतोस, एवढंच ती रोज विचारायची. आणि आता घराच्या दाराशी येऊन ती परत जायला निघाली होती, मुलाला तोंड उघडायला लागू नये म्हणून. आयुष्यभर आपण कुणावर भार टाकला नाही, असं स्वयंभू समजत आले होते. एक माणूस मात्र हा सगळा भार गुपचूप उचलत होता, आणि त्या माणसाचं आता हाड मोडलं होतं.

त्यांनी घसा खाकरला. "जरा," ते म्हणाले. आवाज फुटला नाही. मास्तर खडू धरून तसेच थांबले. स्वयंभूंनी पुन्हा प्रयत्न केला. "म्हणजे, तसं काही विशेष..." छे. मग त्यांनी स्वतःलाच, अगदी खिडकीतल्या त्या आवाजात, दटावलं, "काय हवंय ते सरळ बोला!" आणि कठडा दोन्ही हातांनी धरून ते जिन्यात ओरडले, "अहो, कुणी जरा हात लावता का? मला एकट्याला जमत नाहीये!"

मग ताईंचं दार उघडलं. उघडलं म्हणण्यापेक्षा सुटलं, कारण पैलवान दाराला कान लावूनच उभा होता. त्याच्या बाह्या दुमडलेल्या होत्या. ताईंच्या हातात जाड कापडाचे पट्टे होते, पलंगाला गुंडाळायला, आणि ते आत्ता शिवलेले दिसत होते. सचिवांचे हात पाठीमागून पुढे आले, ते इतक्या आनंदाने की आधी ते त्यांनी एकमेकांवर चोळले.

"मला वाटलं विचारताय की नाही आता," पैलवान म्हणाला. "चहाचे दोन कप झाले माझे."

पुढचं सगळं गोंधळात पार पडलं. पैलवान आणि सचिव खालून, स्वयंभू आणि मास्तर वरून, मध्ये ताई. प्रत्येक जण दुसऱ्याला "सावकाश" म्हणत होता आणि स्वतः घाई करत होता. गजातला पाय निघाला. पलंग कठड्यावरून उभा झाला, मास्तरांनी "हाच तो कोन!" अशी आरोळी ठोकली, आणि भिंतीवरचा त्रिकोण पलंगाच्या पाठीने पुसून टाकत पलंग वर गेला. वाटेत सचिवांनी दिवाणखान्यातली कुंडी पाडली आणि घाबरून हात पाठीमागे नेले. "असू द्या हो," स्वयंभू म्हणाले, "धरा, धरा!" आणि सचिवांनी पुन्हा धरलं. स्वयंभूंच्या घरात कुणीतरी काहीतरी पाडलं, असं हे पहिल्यांदाच होत होतं. आजवर पाडण्याएवढं कुणी आत आलंच नव्हतं.

मग आईला आणायला मास्तरांची हातांची खुर्ची पुढे झाली. ताईंच्या पट्ट्यांनी तिला नीट सांभाळून बांधलं. पुढे पैलवान आणि अँब्युलन्सचा माणूस, मागे सचिव आणि स्वयंभू. आई खुर्चीत बसल्याबरोबर हुकूम सोडायला लागली. डावीकडून घ्या, भिंत सांभाळा, तुमचं नाव काय, लग्न झालं का. पहिल्या मजल्यावर स्वयंभूंच्या हाताला कळ लागली. त्यांनी ओठ आवळले, आणि मग लक्षात आलं की आज ओठ आवळायची गरज नाही.

"थांबा जरा," ते म्हणाले. "माझा हात सुटतोय."

सगळे थांबले. खुर्ची हळूच टेकवली गेली. बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं की जणू त्याने लग्नाआधीच सांगायला हवं होतं ते आत्ता सांगितलं. आईने मान वळवली.

"मगाशी वरून ओरडलास तो तूच ना रे?"

"हो."

आईने सगळ्यांकडे बघितलं. अगदी एकेकाकडे. "माझा मुलगा आहे हा," ती मोठ्याने म्हणाली, जणू काही हे कुणाला ठाऊकच नव्हतं. "याने हाक मारली. बोलायलाही उशिराच लागला होता. शेजारणी काय काय म्हणायच्या. मी सांगायचे, बोलेल, बोलेल."

स्वयंभूंनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

संध्याकाळी आई पलंगावर टेकून सूप पीत होती आणि पलंगाचे पाय डुगडुगत नाहीत याचं कौतुक करत होती. सचिवांच्या अर्जावर तीन सह्या झाल्या होत्या. सहाय्यकाच्या जागी सचिवांनी स्वतःचंच नाव घातलं होतं आणि कुंडीचा उल्लेख टाळला होता. मास्तरांची खुर्ची परत द्यायला म्हणून स्वयंभू दार उघडून बाहेर आले, तर मास्तर दारातच उभे होते. बराच वेळ उभे असावेत.

"खुर्चीची घाई नाही," मास्तर म्हणाले. "एक विचारायचं होतं. म्हणजे तसं काही विशेष नाही, पण आमच्याकडे जरा काय झालंय..."

काय हवंय ते सरळ बोला, हे वाक्य सवयीने स्वयंभूंच्या जिभेवर आलं. त्यांनी ते गिळलं. "सांगा ना, मास्तर. सावकाश सांगा."

"आमच्या खोलीतली ट्यूब गेलीय. बरेच महिने झाले. नवी आणून ठेवलीय, पण स्टुलावर चढलं की मला गरगरतं. तुम्ही वीज कार्यालयातले, समोरच राहता, पण..." मास्तर खाली बघायला लागले. "जो माणूस कधी कुणाकडे काही मागत नाही, त्याच्याकडे मागायची हिंमत होत नाही हो."

स्वयंभूंनी जिन्यातल्या दिव्याकडे पाहिलं. मग त्या खुर्चीच्या नेहमीच्या जागेकडे. इतके महिने आपण रोज ऑफिसातून येताना या माणसाला म्हणत आलो, "वा मास्तर, हवा खाताय!" त्यांना एकाएकी लाज वाटली. आत जाऊन टॉर्च घेऊन आले.

मास्तरांच्या खोलीत काळोख होता. टॉर्चच्या उजेडात पुस्तकं दिसली, भिंतभर. स्वयंभू स्टुलावर चढले. स्टूल जुनं होतं, एक पाय आखूड. पूर्वीचे स्वयंभू असते तर भिंतीला एक हात टेकून, दातांत टॉर्च धरून त्यांनी ते एकट्याने केलं असतं आणि बहुधा पडलेही असते. त्यांनी खाली पाहिलं.

"मास्तर, स्टूल हलतंय. जरा धरता का?"

मास्तर लगबगीने पुढे झाले. म्हातारे हात होते, पण त्यांनी स्टूल घट्ट धरलं. जुनी ट्यूब निघाली, नवी बसली. तिने दोनदा डोळे मिचकावले आणि खोली लख्ख झाली. मास्तर नुसते आपल्या पुस्तकांकडे बघत राहिले.

समोरच्या घरातून आईचा आवाज आला, तिच्या मते अगदी हळू. "काय रे, काय करतोयस तिकडे? चढलायस कशावर? पडशील!"

"नाही पडत, आई!" स्टुलावर तसेच उभे राहून स्वयंभू ओरडले, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने आणि छाती काढून. "मास्तरांनी धरलंय मला!"